सहा तास उजेड

“काकू, कमाल केलीत! काचेवर शेवाळाचा ठिपका नाही,” फिशटँक साफ करणारा म्हणाला. घासणी त्याने पिशवीतून काढलीच नाही.

गेल्या महिन्यात हीच काच हिरवीगार झाली होती. टाकीवरचा दिवा काकूंचा परदेशातला मुलगा तिकडून फोनवरून लावायचा. कधी पहाटे, कधी भरदुपारी, आणि बंद करायला हमखास विसरायचा. “पाण्यातल्या झाडांना सहा तास उजेड पुरे. त्याहून जास्त झाला, की शेवाळ माजणारच. मुलाला सांगा,” असं साफ करणाऱ्याने तेव्हा बजावलं होतं.

“मग घेतलं का मुलाने मनावर?”

“घेतलं की! त्याच दिवशी टायमर लावून दिला. नऊला लागतो, तीनला बंद होतो. त्याला आता बघावंच लागत नाही.”

“सुटलात बघा कटकटीतून!”

“हो ना.” काकू टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या. “आधी कधीही लागायचा. लागला, की मी म्हणायचे, जागा आहे वाटतं पोरगा. आता नुसतं नऊ वाजल्याचं कळतं.”