मोकळी भिंत

"भिंत मोकळी आहे ना?" प्रदीपने विचारलं.

"पूर्ण मोकळी," कमळाकर म्हणाला.

"मोकली कुठं हाय?" त्याची आई कृष्णाबाई मागून म्हणाल्या. "तिथं गनपती बसतो."

बोलणं पुन्हा फिरून तिथेच आलं. गणपती आठवड्यावर आले होते. पनवेलच्या त्या दुकानात सणाची सवलत होती आणि पाय ठेवायला जागा नव्हती. विक्रेता प्रदीप सकाळपासून उभा होता. समोर ओळीने चपटे टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच रंगीत मासा पोहत होता. कृष्णाबाईंनी त्याला आल्याआल्याच निकालात काढलं होतं. "ह्यो खायचा नाय," त्या म्हणाल्या होत्या.

"मावशी, तुमचा गणपती किती दिवसांचा?" प्रदीपने विचारलं.

"दीड."

"मग बाकी वर्षभर मोकळीच की भिंत!"

"आन् तुजा टीवी किती दिवसांचा?"

"वर्षाची वॉरंटी आहे."

"आमचा आजेसासऱ्यापासूनचा हाय."

प्रदीपने कमळाकरकडे पाहिलं. कमळाकरने पंख्याकडे पाहिलं.

खांदा कॉलनीतल्या त्यांच्या घराला बाहेरची खोली एकच. जुना डबा टीव्ही त्याच भिंतीशी चाकांच्या ट्रॉलीवर असे. गणपतीत तो ढकलून स्वयंपाकघरात न्यायचा आणि विसर्जन झालं की परत आणायचा. नवा चाळीस इंची त्या ट्रॉलीवर मावत नव्हता. तो भिंतीला भोकं पाडून लावायचा होता आणि एकदा लावला की हलणार नव्हता.

"जरा वर लावू," प्रदीप म्हणाला. "खाली बाप्पा, वर टीव्ही."

"देवाच्या डोक्यावर नाचगानी?"

"तेवढे दोन दिवस बंद ठेवायचा."

"पोरं ठेवतील?"

"मग बाजूला वळणारा स्टँड घ्या. टीव्ही असा आडवा वळतो."

"आन् मखर कुठं वळंल?"

"मग लहान घ्या, मावशी. बावीस इंची. उचलून आत नेता येईल."

यावर कमळाकर भडकला. "बावीस? ऑफिसातला कॉम्प्युटर मोठा आहे त्याच्यापेक्षा! आई, तू घरी थांबायला हवं होतंस."

"मंग भोकं पाडून झाल्यावर सांगितलं आसतंस."

कमळाकरची बायको किशोरी इतका वेळ जाहिरातीच्या कागदाने वारा घेत उभी होती. तिने कागद काउंटरवर टाकला. "अहो, मग यंदा गणपती गावी मोऱ्यालाच बसवा ना. काशिरामभावोजींची पडवी केवढी मोठी आहे. आपण जाऊ तिकडे दर्शनाला. सगळ्यांचाच ताप वाचेल."

हे वाक्य कुणी उच्चारू नये म्हणून कृष्णाबाई दुखरे गुडघे घेऊन दुकानात आल्या होत्या. गणपती थोरल्याच्या घरी बसतो. थोरला कमळाकर मोऱ्याहून खांदा कॉलनीत आला, तेव्हा गणपतीही आला, आणि वर्षातून एकदा मोऱ्याचं सगळं घर त्याच्यामागून इथे येऊ लागलं. एकदा तो धाकट्याच्या पडवीत बसला की परत येणार नव्हता. मग तिकडून इकडे यायला कुणाला काही कारणही उरणार नव्हतं.

हे कमळाकरलाही ठाऊक होतं. कृष्णाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो चाळीस इंचीकडे बघत होता.

"काशिरामला विचारून बघायला हरकत नाही," तो म्हणाला.

कृष्णाबाई खुर्चीचा दांडा धरून उठल्या.

"समोरच्या भिंतीला लाव," त्या प्रदीपला म्हणाल्या.

"समोर काय आहे?"

"माजी खाट."

"खाटेच्या वर?"

"वर."

"पण मग आम्ही बसायचं कुठे?" किशोरी म्हणाली. "देवाच्या जागेवर?"

"बसा की. देव आला की उठा."

कमळाकरने मनातल्या मनात खोली फिरवून पाहिली. बसत होतं. सगळं बसत होतं. प्रदीपने घाईघाईने पावतीपुस्तक ओढलं, पुन्हा कुणी बोलायच्या आत.

"चाळीस इंची, भिंतीवरचा. माणूस उद्या येईल लावायला."

किशोरीला मात्र आता चुटपुट लागली. "आई, तुम्ही दिवसभर त्याच खाटेवर असता. डोक्यावर टीव्ही आला तर तुम्हाला काही दिसायचं नाही. रोजची मालिका चुकली तर जेवत नाही तुम्ही."

"आयकू येल."

"ऐकून काय करणार? आम्ही सगळे समोर बसून बघणार आणि तुम्ही नुसत्या बसून काय बघणार?"

कृष्णाबाईंनी पदर सारखा केला. दुकानाच्या पायरीकडे निघताना त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात टेकला.

"तुमची तोंडं," त्या म्हणाल्या. "आतापावेतर नुसत्या पाठी बघत आले."