गळलेल्या फ्रेम

लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, पण घरची जुनी टेप कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला तिला आज कुठे सवड मिळाली. नव्या घरात सामान आणलं, त्या दिवसाची ही टेप. नवरा खोकी उचलतोय, तिची धाकटी बहीण खिडकीपाशी उभी आहे.

तेवढ्यात चित्र अडखळलं. टेप उतरताना मधलीमधली चित्रं, म्हणजे फ्रेम, गळत होत्या.

"जुनी हार्ड डिस्क दमली असेल," स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला. "राहू दे ना आता."

ती कसली ऐकतेय! तिनं नवी डिस्क जोडली, टेप उतरवून घ्यायचं, कॅप्चरचं सेटिंग खाली आणलं आणि टेप पुन्हा सुरुवातीपासून लावली. या वेळी एकही फ्रेम गळली नाही. फक्त बहीण आता खिडकीपाशी नव्हती, नवऱ्याला खेटून उभी होती.

आपलीच नजर चुकली असेल, म्हणून तिनं पहिली फाइल उघडून पाहिली. तिच्यात बहीण खिडकीपाशीच होती. टेप तर एकच होती.

तिनं तिसऱ्यांदा टेप लावली. आता नवऱ्याचा हात बहिणीच्या कमरेवर होता, रोजची सवय असावी तसा.

"कधीपासून चाललंय हे?" ती पुटपुटली.

पडद्यावरच्या दोघांनी एकदम मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवशी कॅमेरा तिच्या आईच्या हातात होता. स्पीकरमधून आईचा आवाज आला, नेहमीसारखाच मायेचा.

"पुरे रे आता. ती बघतेय."