संक्रांतीचं वाण

“ही पुडी कधीपासून घेताय?” पुडीच्या तपासणीचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांनी विचारलं.

“आठ महिने झाले,” हेमलताबाई कौतुकानं म्हणाल्या. “वैद्यबुवांची आहे. संधिवात असूनही गुडघे दुखायचं नाव घेत नाहीत.”

“कसे घेतील? यात स्टेरॉइड मिसळलंय. तुमची साखर त्यानंच चारशेवर गेली. आता मनानं एकदम बंदही करू नका, जिवावर बेतेल. मी हळूहळू कमी करून देतो. घरात आणखी कुणी घेतं?”

घरात कुणी घेत नव्हतं. पण महिन्यापूर्वी संक्रांतीला, प्लॅस्टिकचे डबे सगळ्याच लुटतात म्हणून, हेमलताबाईंनी सोसायटीतल्या चाळीस जणींना वाण म्हणून या पुड्याच दिल्या होत्या. सोबत वैद्यबुवांचा पत्ताही.

घरी परतल्या तर शेजारच्या दिघेवहिनी लिफ्ट सोडून जिन्यानं वर येत होत्या.

“तुमच्या वाणाला तोड नाही हो,” त्या हसत म्हणाल्या. “आजपासून सुनेलाही सुरू केलंय. सातवा महिना लागलाय ना तिला, कंबर फार धरते बिचारीची.”