सुनेची नजर

डोकं ठणकलं की हज्जा तफीदा गोळी गिळायची, कागदाची बाहुली कापायची आणि तिला सुई टोचत कैरोतल्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "ही सुई माझ्या सुनेच्या डोळ्यात! हिचीच नजर लागलीय मला." मग बाहुली धुपाटण्यात जायची. हे रोजचंच.

आज औषधांच्या दुकानातली बाई सुनेला, रावियाला म्हणाली, "अगं, रोज गोळ्या खाऊनच दुखतंय तुझ्या सासूचं डोकं. आधी त्या बंद कर."

राविया घरी आली, तर नवी बाहुली तयारच होती.

"आलीस, अवदसे? तुझ्यामुळेच दुखतंय!"

"आज दोन घ्या, आई," म्हणत रावियाने गोडीगुलाबीने पाण्याचा पेला पुढे केला.



इतकी वर्षं खोटा आळ सोसला; आता निदान तो खरा तरी होता.