दगडूसाठी घर

ईश्वरीची बदली मानवतहून लातूरला झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि तिथल्या घरमालकानं कुत्रा आणायचा नाही, असं आधीच बजावलं होतं. एसटी स्टँडवरून तिनं उचलून आणलेला दगडू आता म्हातारा झाला होता, दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. त्याला मायेचं घर मिळावं म्हणून तिनं सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. फोन बरेच आले, पण डोळ्यांचं सांगितलं की समोरचा "कळवतो" म्हणून फोन ठेवून द्यायचा. शनिवार उजाडला तशी ती नुसती दारातून ओट्यावर आणि ओट्यावरून दारात फेऱ्या घालत होती.

दुपारी ताडकळसच्या गौराबाई दोन बस बदलून थेट दारात आल्या. सत्तरीच्या, एकट्याच.

"मावशी, त्याला अजिबात दिसत नाही," ईश्वरीनं आधीच सांगून टाकलं.

"दिसंना का. ऐकू येतंय का बरं?"

ईश्वरी खट्टू झाली. यांना राखणीला कुत्रा हवाय, म्हणजे हाही प्रयत्न वाया गेला, असं तिला वाटलं. "कान चांगले आहेत. पण राखणीला नाही जमायचं त्याला. आता भुंकतसुद्धा नाही तो."

गौराबाई खाली बसल्या आणि दगडूच्या कानामागं खाजवू लागल्या.


"भुंकत न्हाई, हे तर लय बेस झालं. आमचे मालक गेल्यापसून मी भिंतीशीच बोलायले, बाई. मधी न बोलता ऐकणारं कुणीतरी पायजे."