कोवळी फूट

गाय पत्र्याच्या शेडपाशी आली, तिनं पुढचे गुडघे टेकले आणि ती कुशीवर कोसळली.

तोंडाला फेस होता. पोटाचा भाता जोरानं चालला होता. ओठाच्या कडेला ज्वारीचा हिरवा पाला चिकटलेला बघून दयानंद ओरडला, "आई, किराळ लागली हिला! तू धर, मी डॉक्टरला घेऊन येतो." तो अनवाणीच पळाला.

कस्तुराबाईंनी कडेवरचा नातू गोणपाटावर ठेवला आणि गाईचं डोकं मांडीवर घेतलं. भूकंपाला महिना होत आला होता. सून सिंधू भिंतीखाली गेली. तान्हं पोर तेवढं हाती लागलं. वाटपातल्या दुधाच्या भुकटीनं त्याला हगवण लागली, तेव्हापासून ते ह्या देवणी गाईच्या दुधावर होतं.

"ऊठ गं माय," त्या म्हणत राहिल्या. "तू तरी नको जाऊ."

जनावरांचे डॉक्टर मन्मथ उदगीरहून आले होते आणि पलीकडच्याच शेडांत लस टोचत होते. त्यांनी गाईच्या शिरेत औषध सोडलं आणि तिच्या नाकपुडीवर हात धरून बसले. बऱ्याच वेळानं श्वास संथ झाला.

"वाचली. कुठं चरली ही?"

दयानंदनं हात केला. पडलेल्या गावाच्या मागं मालक न उरलेली शेतं होती. मोकाट जनावरांनी उभी ज्वारी बुडख्यापर्यंत खाल्ली होती. आता त्याच बुडख्यांतून कोवळी फूट आली होती. सगळं शिवार हिरवंगार दिसत होतं.

"खाल्लेल्या बुडख्याला परत जी फूट येते, तिच्यात किराळीचं विष जास्त," डॉक्टर सुई पुसत म्हणाले. "ओरबाडलं की ज्वारी असं करते. तिला काय पळून जाता येतंय?"

"आमाला तरी कुठं पळता आलं, साहेब?" कस्तुराबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सुई बॅगेत ठेवली. बॅग बंद करताना म्हणाले, "मावशी, उद्यापर्यंत हिचं दूध पोराला देऊ नका. पिळून टाकून द्या."

पोर रडायला लागलं. साखरेचं पाणी त्यानं थुंकून टाकलं. दयानंदनं भुकटीचा डबा हातात घेतला आणि परत ठेवला. रडून रडून पोराचा आवाज बसला.

शेजारच्या शेडमध्ये गुरम्मा राहायची. तिची लेक ह्या पोराहून लहान होती. ती ढिगाऱ्याखाली सापडली तेव्हा थंड होती. रोज सकाळी गुरम्मा शेडच्या मागं जाऊन, सगळ्यांकडं पाठ करून, अंगावरचं दूध मातीत पिळायची. बाया बघायच्या.

कस्तुराबाई पोराला घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. गुरम्मा तांदूळ निवडत होती.

"गाईला किराळ लागली," कस्तुराबाई म्हणाल्या. त्यांनी पोराला थोडं पुढं केलं.

गुरम्मानं पोराकडं बघितलं, मग सुपाकडं. "माझं आटलंय आता, काकू."

"बरं." कस्तुराबाई वळल्या. तेवढ्यात पोर त्या बसक्या आवाजात परत रडलं.

मागून सूप सरकल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं. गुरम्माची चोळी छातीवर ओली झाली होती. ती स्वतःच त्या ओलीकडं बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाची असावी. मग तिनं तोंड पत्र्याकडं फिरवलं आणि हात पुढं केले.

कस्तुराबाईंनी पोर तिच्या हातांत दिलं. नुसतं पोराचं घुटके घेणं ऐकू येत होतं. हळूहळू तेही थांबलं.

"झोपला वाटतं," कस्तुराबाई पुढं झाल्या. "आण इकडं."

"थांबा काकू," गुरम्मा पत्र्याकडंच बघत म्हणाली. "अजून पितोय."

पोरानं कधीच सोडलं होतं. कस्तुराबाई दारातच खाली बसल्या.