टेपचं माप

दुकानामागच्या बाथरूममधून सून बाहेर आली, तेव्हा सासूबाई तिच्याच ड्रेसची कंबर उसवत बसल्या होत्या.

"दीड इंच सोडते," चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या. "आत मार्जिन भरपूर आहे. शिवतानाच ठेवलं होतं मी."

सून आपल्या मशीनवर जाऊन बसली. पायडलवर पाय ठेवला, पण तो हलेना.

मूल लांबवायला सात वर्षं घेतलेल्या गोळ्या तिने पाच महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. तेव्हापासून पाळीचा काही मेळच राहिला नव्हता. एकदा पंधरा दिवसांतच आली, एकदा आठवडाभर नुसते डाग पडत राहिले, आणि मग दोन महिने पत्ताच नाही. गोळ्या सोडल्यावर काही महिने असं होऊ शकतं, पाळी चुकली तर आधी टेस्ट करा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण हिचा सगळा जन्म मापं घेण्यात गेलेला. रोज सकाळी ही आरशासमोर कमरेला टेप लावायची. सोमवारी अर्धा इंच वाढलेला दिसला आणि हिने तो सासूबाईंना सांगून टाकला.

"आई, ते उसवू नका."

"का? आत्तापासून घट्ट कपडे घालून वाकणार आहेस का मशीनवर?"

"मला पाळी आली. आत्ताच."

सासूबाईंचा हात थांबला. "अगं, पण टेस्ट केली होतीस ना?"

"नाही. टेपनेच मोजलं."

एरवी यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या. सासूबाईंनी ड्रेसवरचे तुटके दोरे एकेक करून वेचले.

"माझंच चुकलं," सून म्हणाली. "उगाच घाई केली सांगायची."

"घाई?" सासूबाईंनी चष्मा काढला. "सात वर्षं मी तुला अडवून धरलं, आणि घाई तू केलीस होय?"

दर वर्षी शाळेच्या गणवेशांची ऑर्डर यायची, दोघी चार महिने मान वर करायच्या नाहीत. आणि दर वर्षी तिने मुलाचा विषय काढला की सासूबाई मशीनवरून नजर न उचलता तेच उत्तर द्यायच्या. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती तीस वर्षांची होती. आता अडतिसावं लागलं होतं.

फोन वाजला, सासूबाईंनी उचलला. शाळेचे क्लार्क होते. यंदाही गणवेश तुमच्याकडेच द्यायचं ठरलंय, म्हणाले, कापड उद्या पाठवतो.

सासूबाई मांडीवरच्या अर्धवट उसवलेल्या ड्रेसकडे बघत राहिल्या. पलीकडून दोनदा हॅलो हॅलो झालं.

"या वर्षी नाही जमणार," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू."

सुनेने मान खाली घातली. ते उत्तर तिला तोंडपाठ होतं. सासूबाईंनी ते दुसऱ्या कुणाला दिलेलं मात्र तिने आज पहिल्यांदाच ऐकलं.